गाळपेरीवरची पाखरं

थंडी पडली की वृत्तसंपादकांच्या टेबलावरून दर वर्षी तीच विचारणा होते. पाहुणे पक्षी आले का? किती आले? फोटो नसला तरी चालेल, आकडा हवा. आकड्याशिवाय अशा बातमीला शीर्षक मिळत नाही, हे खरं आहे. पण यंदा, सत्तरचं दशक संपत आलेलं असताना, हा प्रश्न ऐकून नुसता थकवा आला. राग नाही, वैताग नाही. लांबच्या एसटी प्रवासानंतर पाय जड होतात, तसं काहीतरी.

काल सकाळी सांगलीत, कृष्णेच्या घाटावर, एक तुतवार दिसला. चिमणीहून थोडा मोठा, पाठ मातकट, पोट पांढरं आणि शेपटीकडचा भाग सतत खालीवर. तो ओल्या पायरीच्या कडेकडेने चालत होता. धुणं धुणाऱ्या बायकांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, त्याचं मात्र त्यांच्याकडे होतं. पाणी उडालं की तो पायरीभर वर सरकायचा आणि पुन्हा खाली यायचा. मनात आपोआप ‘एक’ असं उमटलं. मागे कुणी ‘दोन’ म्हणणारं नव्हतं.

वडूजच्या पलीकडे एक जुना तलाव आहे. मातीचा बांध, त्यावर काळे दगड, एका टोकाला बाभळी. पावसाळ्यात तो फुगतो आणि नंतर महिन्यामहिन्याला मागे सरकत जातो. मागे सरकताना चिखल सोडतो. लांबून तो सगळा एकच वाटतो, पण दुर्बिणीतून पाहिलं की त्याचे पट्टे दिसतात. बांधाकडचा भेगाळलेला, मधला ओलसर तपकिरी आणि पाण्यालगतचा चकाकणारा. पक्षीही या पट्ट्यांप्रमाणे वाटून घेतात. आखूड पायांचे चिखल्या कोरड्या बाजूला, टिलवे ओलीत, आणि लांब पायांचे शेकाटे सरळ पाण्यात, लाल काड्यांवर उभे केल्यासारखे.

मोजणी मगदूम सरांची. सर सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गाव कवठे महांकाळ, पण शिक्षणापासून सांगलीतच. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही दोघे एसटीने निघायचो, विट्याला गाडी बदलायची, संध्याकाळी तलावावर. मोजणी रविवारी उजाडल्यावर. वर्तमानपत्राचा माणूस सोबत असावा, म्हणजे आकड्याला साक्षीदार राहतो, एवढाच सरांचा हेतू होता. त्यांच्या उजव्या खिशात चिंचोके असायचे. दहा पक्षी मोजले की एक चिंचोका डाव्या खिशात जायचा. दहाच्या आतले तोंडात राहायचे, पुटपुटत.

मोजणी म्हणजे डोळ्यांची हमाली. टिलवा मुठीत मावेल एवढा, आणि तो क्षणभरही एका जागी उभा राहत नाही. शेकडो टिलवे चिखलावर धावत असतात, टोचत असतात, एकमेकांच्या मागून पुढे येत असतात. बांध ते पहिली बाभूळ, बाभूळ ते पाण्यातला खडक असे भाग पाडून सर मोजत. निम्म्याहून जास्त झालं की वरून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी संथ घिरट्या घालत यायचा आणि सगळा चिखल एकदम उठायचा. थवा तलावावर वळायचा, पांढरा व्हायचा, पुन्हा वळायचा, मातकट व्हायचा, आणि भलत्याच जागी उतरायचा. सर डाव्या खिशातले चिंचोके मुकाट्याने उजव्या खिशात टाकत आणि म्हणत, “पुन्हा पहिल्यापासून.”

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून जितक्यांदा ऐकले तितक्यांदा दुसरं काहीही ऐकलं नाही.

भाद्रपद सरताना पहिले तुतवार यायचे, एकेकटे, गाजावाजा न करता. दिवाळीच्या सुमारास टिलव्यांचे थवे. मार्गशीर्षात पाणटिवळे, उंच, लांब चोचीचे. चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसून उभे राहणारे. पौष-माघात सगळ्यात जास्त गर्दी. फाल्गुनात पाणटिवळ्यांच्या गळ्यावर विटकरी रंग चढू लागायचा, आणि मग एखाद्या रविवारी गेलं की जागा रिकामी. जाताना कुणी त्यांना पाहिलेलं नसायचं. वैशाखात चिखलही उरायचा नाही. टिटवी तेवढी ओरडत राहायची, ती घरचीच.

बहात्तरच्या दुष्काळात तलाव पूर्ण आटला. तळाच्या गाळावर खडी फोडावी तसे लोक कुदळी चालवत होते. दुष्काळी काम होतं, दुपारी मजुरांना वाटायच्या सुकडीचा भाजका वास बांधापर्यंत यायचा. त्या हिवाळ्यात पक्षी वरून गेले, उतरले नाहीत. पुढच्या पावसात तलाव निम्मा भरला. पाणी निम्मंच, म्हणजे चिखल दुप्पट. आठवणीतला हिवाळा तो. एवढे पक्षी त्या तलावावर सरांनी आधी पाहिले नव्हते, आणि तलाव पक्ष्यांसाठी राखीव व्हावा म्हणून त्यांनी जे अर्जविनंत्यांचं काम काढलं होतं, ते त्या हिवाळ्यात पहिल्यांदा वर, वनखात्यापर्यंत पोचलं.

पण त्या चिखलावर आणखी कुणाचा तरी जीव होता.

पाणी मागे सरकतं तसा उघडा पडलेला गाळ पेरता येतो. त्याला गाळपेर म्हणतात. पाऊस लागत नाही, ओल खालीच असते. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, किंवा हरभरा, नुसता टोचला तरी येतो. हंगामापुरती परवानगी मिळते, पुढच्या पावसात जमीन पुन्हा पाण्याखाली. बाभळींच्या बाजूचा असा एक पट्टा सोजराबाई आणि तिचा नवरा करायचे. नवऱ्याला सगळे हवालदार म्हणत. फौजेत होता, बासष्टला बर्फात उजव्या पायाची बोटं गेली आणि तो घरी आला. छप्पन साली त्यांच्या वस्तीने बौद्ध धर्म घेतला, गावकीची कामं सोडली, आणि कामांबरोबर बलुत्याचं धान्यही सुटलं. स्वतःची जमीन नव्हती. ज्या वर्षी गाळपेर मिळायची त्या वर्षी ते हिवाळ्यात घरी असत. ज्या वर्षी मिळायची नाही त्या वर्षी सोजराबाई भावाच्या टोळीबरोबर इस्लामपूरकडे ऊसतोडीला जायची. हवालदारला उसात उभं राहवत नसे, आणि एकट्या माणसाचा कोयता होत नाही. तोडणारा एक आणि मोळी बांधणारी एक, अशी जोडी लागते. मग ती दुसऱ्यांच्या कोयत्यामागे मोळ्या बांधायची, आणि हवालदार इकडे चार महिने एकटा.

सर मोजायला त्यांच्याच बांधावर बसत, कारण तिथून चिखल सगळ्यात चांगला दिसायचा. हवालदार काठी टेकत शेजारी येऊन बसायचा.

“सर, आदी त्यास्नी फालिन करा,” तो म्हणायचा. “वळीत हुबी ऱ्हायली की मग मोजा. आमच्या सुभेदारानं असं पळापळीत मोजलं असतं तर निम्मी पलटन गायब दावली असती.”

“आवं, गप बसा की,” सोजराबाई शाळूतून ओरडायची. “त्यांचा आकडा चुकतोय.”

“चुकू दे की. पाखरास्नी काय पेन्शन काढायचीय व्हय?”

सर हसायचे. हसताना आकडा खरंच चुकायचा. पुन्हा पहिल्यापासून.

सोजराबाईचं दिवसभराचं काम म्हणजे पाखरं राखणं. शाळू चिकात आला की भोरड्यांचे थवे कणसांवर पडतात आणि दुपारपर्यंत शेत धुऊन नेतात. ती शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. गोफणीचा तो फटकारा, मागून ‘हाऽऽ’ अशी लांब हाक, आणि मग दूर कुठेतरी दगड पडल्याचा आवाज. चिखलातल्या पाखरांकडे ती लक्ष द्यायची नाही. ती दाणं खात न्हाईत, असं तिनं एकदा सांगून टाकलं होतं.

पौषात एकदा ती हरभऱ्यातलं तण काढत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “सर, ह्यो तलाव पाखरांसाठी ठेवनार म्हनत्यात. खरं हाय?”

“प्रयत्न चाललाय,” सर म्हणाले.

“मग गाळपेर?”

सर खोटं बोलत नसत. “बंद होईल. पाण्याच्या कडेला माणसांचा वावर नको, असा नियम असतो.”

“आनी आमी?”

सरांनी दुर्बिणीची काच पुसली. उत्तर हवालदारने दिलं. “आमी इस्लामपूरला. दुसरं कुठं?”

ती पुढच्या सरीत सरकली. “ही पाखरं कुठनं येत्यात म्हनला हुतासा?”

“हिमालयाच्या पलीकडून. सैबेरिया.”

“तकडं थंडीत खायाला न्हाई म्हनून हिकडं येत्यात. बरूबर?”

“बरोबर.”

“आमी बी थंडीतच जातो. खायालाच. त्यास्नी जागा द्यायची ती आमची काढून.” आवाज चढलेला नव्हता. तणाची मूठ तिनं बांधावर टाकली, मुळांची माती झटकून.

परतीच्या एसटीत सरांनी चिंचोके मोजून उजव्या खिशात भरले. मग म्हणाले, “तिचं काहीच चूक नाही. आणि चिखल गेला तर ते पक्षी कुठे उतरणार, हेही चूक नाही.”

माघात वरून साहेब पाहणीला येणार असं ठरलं. एकदा डोळ्यांनी पाहू, मग काय ते ठरवू, असा त्यांचा निरोप होता. रविवारी सकाळी ते जीपने वडूजला येणार, तिथून सर त्यांना घेऊन तलावावर. शनिवारी संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि चिखलावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरांना एकच काळजी होती. सकाळी वस्तीवरची कुत्री आणि म्हशी पाण्यावर येतात, त्यांनी थवे उठवले तर साहेबांना रिकामा तलाव दिसेल.

“सोजराबाई,” सर म्हणाले, “उद्या साहेब येतायत. आम्ही येईपर्यंत ही चिखलातली पाखरं जरा राखा.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “चिखलातली बी?”

“तीच. मुख्य तीच.”

“बरं,” ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ पाहत राहिली.

शब्द साधा होता. सर्वांनी ऐकला. कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

सकाळी जीप बांधाखाली थांबली तेव्हाच गोफणीचा फटकारा ऐकू आला. वर चढून पाहिलं तर चिखल स्वच्छ. एक पक्षी नाही. पायांची बारीक नक्षी तेवढी सगळीकडे, ओली, ताजी. सोजराबाई पार पलीकडच्या टोकाला होती, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, लुगड्याचा काचा वर खोचलेला. चार शेकाटे पाण्यावर उतरू पाहत होते, त्यांच्या दिशेने तिचा दगड सुटला आणि ते पाय लोंबकळत ठेवून निघून गेले. आम्हांला पाहून ती लगबगीने आली. धाप लागली होती.

“उजाडल्यापासनं फिरतीया,” ती म्हणाली. “एक बी टेकू दिलं न्हाई, सर.”

पाखरं राखायची म्हणजे हाकलायची. त्या सगळ्या पट्ट्यात, खटावपासून जतपर्यंत, या शब्दांना दुसरा अर्थ नाही. राखायचं असतं ते पीक. पाखरं राखतात ती उडवून लावण्यासाठी.

साहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली आणि खाली घेतली. “मगदूम, कागदावर तर हजारो आहेत.”

“असतात,” सर म्हणाले. “आज...” आणि ते थांबले. त्यांनी सोजराबाईकडे पाहिलं. गोफण तिच्या हातात होती आणि ती हसत होती.

साहेबांचं लक्ष शाळूकडे गेलं. कणसं भरली होती, दवाने ओली होती. “पीक मात्र झकास आहे. कुणाचं?”

हवालदारने टाच नसलेल्या वहाणांनी टाच जुळवली आणि कडक सॅल्यूट ठोकला. “आमचं हाय, साहेब.” साहेबांनी त्याची पलटण विचारली, पायाची चौकशी केली, पाठीवर हात ठेवला. त्यांना पुढे आणखी एक पाहणी होती. जीप गेली, धूळ बाभळींवर बसली.

दुपारी शेकाटे आले. मग टिलवे, तुकड्यातुकड्यांनी. उन्हं कलली तेव्हा चिखलावर पुन्हा पाय ठेवायला जागा नव्हती. सरांनी मोजलं. भोवत्या त्या दिवशी आलाच नाही, एकदाही पहिल्यापासून करावं लागलं नाही. त्या हिवाळ्यातली सर्वांत मोठी मोजणी ती. बातमीच्या दृष्टीने सकाळची रिकामी दलदल खरी होती आणि दुपारची भरलेलीही. फक्त सकाळच्या वेळी साहेब हजर होते.

एसटीत विचारलं, “सर, इकडे राखणं म्हणजे काय, तुम्हांला ठाऊक नव्हतं?”

“माझं गाव कवठे महांकाळ,” सर म्हणाले. “आमचा शाळू आईच राखायची. तिच्याबरोबर माळ्यावर वाढलोय मी.” डिझेलचा धूर आत येत होता, त्यांनी खिडकी ओढली, ती बसली नाही. “वीस वर्षं वर्गात रक्षण, संवर्धन, राखीव असं बोलतोय. शब्द तोच राहिला आणि आतला अर्थ कधी बदलला ते कळलंच नाही. आईनं काल ऐकलं असतं तर पोट धरून हसली असती.”

त्यांना स्वतःला हसू आलं नाही. चिडलेही नाहीत. सीटच्या दांडीवर कपाळ टेकवून ते विट्यापर्यंत झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

थोड्या दिवसांनी वरून कळलं, प्रस्ताव तूर्त बाजूला. गाळपेरीच्या परवानग्या चालू राहतील.

पुढच्या फेरीला शाळू काढून झाला होता. खळ्यावर पाचोळा उडत होता. सोजराबाईने आम्हांला बसायला पोतं टाकलं, तांब्या आणला, आणि सरांसमोर उभी राहिली.

“सर, तुमी आमचं घर राखलं,” ती म्हणाली.

सरांनी तांब्या उचलला.

“चिखलातली बी राखा म्हनलासा, तवाच वळखलं मी. ती दाणं खात न्हाईत ही तुमास्नी ठावं न्हाई व्हय? ह्यास्नी म्हनलं, सर आपल्या अंगानं हाईत, खरं त्यास्नी तोंडानं बोलता येत न्हाई. साहेबाम्होरं पाखरू दिसाय नको, एवढंच त्यांचं म्हननं. मग काय, पाय मोडूस्तवर फिरले.”

“मी बी म्हनलं,” हवालदार म्हणाला, “मास्तर मानूस लय खोल.”

एका वाक्यात खुलासा होण्यासारखा होता. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापतात. शब्द असा हवा होता, तसा छापला गेला. सरांनी तांब्यातलं पाणी सावकाश पिऊन संपवलं. “शाळू बरा झाला ना?” त्यांनी विचारलं.

“वरीसभर जातंय की आता.”

दुरुस्ती झाली नाही.

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. चिंचोके या खिशातून त्या खिशात जात राहिले. पाणी जास्त असेल त्या वर्षी चिखल कमी, पक्षी कमी, गाळपेरही कमी. तिघांचं नशीब एकाच पातळीवर वरखाली होत होतं आणि ती पातळी कुणाच्या हातात नव्हती. आता सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. टिलवा आणि ढेकूळ यांत फरक दिसत नाही म्हणतात. तलावावर कुणी मोजत नाही. टेबलावर आकडा मागतात तेव्हा हे सगळं सांगण्यात अर्थ नसतो.

सरांचे डोळे धड होते तेव्हाची शेवटची गोष्ट. वरचे साहेब बदलले होते. नव्या साहेबांना पक्ष्यांची मनापासून आवड होती. जुना प्रस्ताव त्यांनी स्वतः काढून वाचला आणि सरांना निरोप पाठवला. माघातल्या रविवारी येतो, एवढं दाखवा, पुढचं माझ्याकडे. सरांनी आयुष्यात इतकं सोपं उत्तर ऐकलं नव्हतं. शनिवारी आम्ही नेहमीपेक्षा लवकरच्या गाडीने निघालो. या वेळी शब्द कोणता वापरायचा, तेही त्यांनी ठरवलेलं होतं. जपा. नाहीतर सरळच, हाकलू नका.

बांधावर पोचलो. चिखल भरलेला होता, पाणटिवळे चोची खुपसून उभे होते. शाळू पोटऱ्यांतून बाहेर पडून डोलत होता. माळ्यावर सोजराबाई, खाली हवालदार काठीला नवी बेचकी बसवत होता. सर उभे राहिले. एकदा चिखलाकडे, एकदा शाळूकडे. वाऱ्याने कणसं एकमेकांवर घासत होती तेवढाच आवाज.

मग ते वळले, वडूजला परत चालत गेले, टपालकचेरी बंद व्हायच्या आत तार केली आणि अंधार पडायच्या सुमारास घामाघूम होऊन आले.

सकाळी हवालदारने विचारलं, “सर, कोन नवं साहेब येनार म्हनत व्हते ते?”

“नाही येणार.”

“का वं?”

“मीच नको म्हणून कळवलं. यंदा पक्षी नाहीत म्हटलं.”

हवालदारने समोरच्या चिखलाकडे पाहिलं. हजारभर टिलवे धावत होते. तो सरांकडे पाहणार होता, पण पाहिलं नाही.

“मग बसा की,” सोजराबाई म्हणाली. “आज काय गडबड हाय? भाकरी खाऊनच जावा.”

सर बांधावर बसले. दुर्बीण त्यांनी पिशवीतून काढली नाही. त्या महिन्याची मोजणी झाली नाही.